बोरघाटातील थांबे

पुण्यास जाण्यायेण्याचे प्रसंग आम्हांस आजवर इतके आले आहेत, की बोरघाटाविषयी काही नवे शिकावयाचे उरले असेल, असे आम्हांस वाटत नव्हते. परंतु गेल्या माघात घरच्या एका मुंजीच्या निमित्ताने जो प्रवास घडला, त्याने हा समज दूर केला. ज्या घरांच्या दाराशी नवी मोटार उभी आहे, अथवा लवकरच यावयाची आहे, तेथील वडीलधाऱ्यांस तो वृत्तांत उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

गाडी आमच्या पुतण्याची, नुकतीच घेतलेली. मागे थोरल्या वहिनी, आमचे कुटुंब आणि त्या दोघींच्या मध्ये भिक्षावळीच्या लाडवांचा मोठा डबा. कळंबोलीस द्रुतगती मार्ग लागण्यापूर्वी पुतण्या म्हणाला, "काका, घाटापर्यंत तुम्ही घेता का?" आम्ही तीस वर्षे गाडी चालविली आहे, नाही म्हणण्याचे कारणच नव्हते. रस्ता सपाट, सकाळची वेळ, आणि गाडी इतकी निःशब्द की मागच्या दोघींचे मुहूर्ताविषयीचे बोलणे अक्षर न् अक्षर ऐकू येत होते. खालापूर जवळ आले तेव्हा सहज काट्याकडे दृष्टी गेली. तो १३५ वर होता! त्या मार्गावर सपाटीस १०० ची मर्यादा आहे. आणि त्याच क्षणी पुढे, उजव्या बाजूच्या पट्ट्यात, एक मालमोटार गोगलगाईच्या गतीने चाललेली दिसली.

पुढे जे झाले त्याचे श्रेय आम्हांस नाही. आमच्या पायाचा भार ब्रेकवर पुरता पडण्यापूर्वीच गाडीने आपण होऊन ब्रेक लावला. पट्टे सर्वांनी बांधले होते म्हणून कोणास इजा झाली नाही. डबा मात्र उलटला. वहिनींनी पायाशी गडगडलेले लाडू एकेक करून गोळा केले आणि शांतपणे म्हटले, "भावजी, मुंज उद्या आहे." एवढे एकच वाक्य, पण ते आम्हांस घाट चढून होईपर्यंत पुरले.

आम्ही उतावळ्या स्वभावाचे नाही. मग हे घडले कसे? आमच्या घरी पूर्वी मारुती ८०० होती. १९८३ साली निघालेल्या त्या गाडीच्या यंत्रात चाळीस घोड्यांचेही बळ नव्हते. ऐंशीच्या पुढे गेली की तिची दारे खडखडत, चक्र हातात थरथरे, वाऱ्याचा आवाज बोलणे बंद पाडी. ती गाडी आपला वेग चालकाच्या कानांस आणि तळहातांस कळवीत असे. आजच्या साध्या घरगुती गाडीत शंभराच्या आसपास घोडे असतात. विजेवर चालणाऱ्या काही गाड्या तर उभ्या असता तीन सेकंदांच्या आत १०० चा वेग गाठतात. आणि हे सारे बळ मुक्याने येते. शक्ती वाढली हे खरेच. पण त्याहून मोठा फरक हा, की तिची वर्दी देणारा निरोप्याच नाहीसा झाला.

माणूस मात्र होता तसाच आहे. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाण्यास त्यास एखादा सेकंद तरी लागतोच. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सुमारे १७ मीटर जाते, १३५ ने जाणारी ३७ मीटर. पुढे गणित अधिकच कठोर होते. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगची ऊर्जा चौपट होते, व ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतरही चौपट. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली; त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत.

परत येताना आम्ही आग्रहाने जुना रस्ता धरला. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत, १८३० साली, हा मार्ग गाड्यांसाठी खुला झाला. तोपर्यंत घाटात पालख्या आणि लमाणांचे बैल. बैल दमला की थांबे. घोडा उतारावर बिचके. पुढे मोटारी आल्या, त्यांचे पाणी चढावर उकळे. हाकणाऱ्याची इच्छा असो वा नसो, घाट त्यास थांबवीत असे. वाटेत शिंग्रोबाचे देऊळ लागते. ज्या धनगराने इंग्रजांस घाटाची वाट दाखविली आणि मोबदल्यात प्राण गमावला, त्याचे हे स्थान अशी आख्यायिका आहे. येणारेजाणारे तेथे नाणे टाकतात. आम्हीही उतरलो. वहिनींनी हात जोडले आणि उरलेल्यांतला एक लाडू ठेवला.

आगगाडीच्या लोकांनी हाच प्रश्न दीड शतकापूर्वी सोडविला. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली तेव्हा चढाव कोठे कोठे ३७ फुटांस एक फूट इतका उभा होता. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक निकामी झाला तर? म्हणून मुख्य रुळांस फुटून डोंगरावर चढणारे आडरूळ बांधले, आणि सांधा एरवी त्यांच्याच बाजूस लावून ठेवण्याचा नियम केला. उतरणाऱ्या गाडीने तेथे पुरते थांबावे, आपला ब्रेक शाबूत असल्याचे सिद्ध करावे, मगच सांधा बदलून तिला वाट मिळावी; अनावर झालेली गाडी आडरुळावर चढून आपोआप मंदावावी. चालक कितीही मुरलेला असो, त्याच्या शब्दावर कोणी विसंबले नाही. यात त्याचा अपमान आहे असेही कोणास वाटले नाही.

पुतण्या म्हणाला, "पण काका, परवा गाडीनेच वाचविले ना?" त्याचे म्हणणे रास्त आहे. आजच्या गाड्या पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित आहेत, आणि आम्ही त्या उपकाराचे धनी आहोत. तथापि हवेच्या उशा आतल्यांसाठी असतात. गावच्या रस्त्यावर सायकलीने शाळेस निघालेल्या मुलासाठी त्यांचा काय उपयोग? शिवाय गाडी वाचवील या भरवशावर माणूस अधिकच निष्काळजी होऊ लागला, तर तिने दिलेले दान तिनेच परत नेल्यासारखे होईल. यंत्राची शक्ती आता कमी होणार नाही. तेव्हा थांबे आपणच बांधले पाहिजेत.

घरी आल्यावर रात्री सर्वजण ओसरीवर बसलो आणि तीन गोष्टी ठरविल्या. गाडीत वेगमर्यादेची घंटा लावण्याची सोय आहे, ती कोणी बंद करावयाची नाही. दर तासाने योग्य जागी थांबून चालक बदलावयाचा. आणि शेजारी बसलेल्याने, तो वयाने लहान असला तरी, काटा मर्यादेपुढे गेला की मोठ्याने सांगावयाचे. ऐकणाऱ्याने रागवावयाचे नाही.

तिसऱ्या नियमाची पहिली अंमलबजावणी आमच्यावरच झाली. मागील आठवड्यात बारा वर्षांची नात शेजारी बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, मुंज उद्या आहे!" आम्ही निमूटपणे पाय उचलला.