फळीला जागा हवी

फडताळाची दारे ही सुताराने करावयाची वस्तू, अशी आमची धारणा होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी घरातील फडताळाची दारे वाळवीने पोखरली, तेव्हा नवी दारे आपणच करावीत, असे आम्हा पतिपत्नींनी ठरविले.

लाकडासाठी नागपूरकरांना फार दूर पाहावे लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील, विशेषतः आलापल्लीचे सागवान प्रसिद्धच आहे. २०२३ साली उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीही नागपूरचे सागवान वापरले गेले. आमची गरज अर्थातच किरकोळ होती : प्रत्येक दारास दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या आणि मध्ये एक फळी.

अडचण असते ती येथील हवामानाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवा पार कोरडी होते. जुलैत तीच हवा ओलीचिंब असते. कापून वाळविलेले लाकूडही ऋतूंप्रमाणे ओलावा घेते व सोडते. तंतूंच्या लांबीत त्याने फारसा फरक पडत नाही, परंतु रुंदीत ते फुगते आणि आकसते. म्हणूनच रुंद फळी चहूकडून घट्ट जखडली, तर कधी तरी तडकते. यावर जुन्या कारागिरांनी काढलेला उपाय साधा आहे. अरुंद पट्ट्यांची चौकट करावी, तिच्या आतील कडांना खोबण पाडावी आणि फळी त्या खोबणीत नुसती बसवावी.

हे आम्हांस शिकविले ते आमच्या आळीतील वृद्ध मिस्त्रींनी. हात कापू लागल्याने त्यांनी रंधा खाली ठेवला आहे, आणि मुलांनी अन्य व्यवसाय धरले आहेत. ओट्यावर बसून ते सांगत आणि आम्ही करीत असू. सरसाची वाटी हाती घेताच ते म्हणाले, “सांध्याले सरस लावा बाई, फळीले नोका लावू. उन्हाळ्यात दार करता, तं पावसाळ्याची जागा ठेवा!” चौकट जुळविल्यावर दोन्ही कर्ण मोजून समान आहेत ना, ते पाहावे, फळीला पॉलिश आधीच करावे, म्हणजे ती आकसली तरी कोरी कड उघडी पडत नाही, हेही त्यांनीच सांगितले.

दारे बसली, त्या दिवशी मिस्त्रींनी अंगठ्याने फळी किंचित दाबली. ती खोबणीत हलली, तशी त्यांनी समाधानाने मान डोलाविली. तयार दारांच्या या दिवसांत त्यांना असे कोणी विचारत नाही. पन्नास वर्षांची ही विद्या कोणत्याही वहीत नाही. ती त्यांच्या थरथरत्या हातांत आहे, आणि आता थोडीशी आमच्या फडताळात.

हल्ली रविवारी शेजारची दोन मुले येतात. मिस्त्री ओट्यावर बसतात, आम्ही चहा ठेवतो आणि करवत मुलांच्या हाती देतो.