चार तारखा

आपल्या होस्टेलच्या मेसमागे पाच कुत्री राहतात. त्यातल्या तिघांना नावंही आहेत. रात्री जर्नल पूर्ण करून चहाला निघालो की ती गेटपर्यंत सोडायला येतात. त्यामुळे आधीच सांगून टाकतो, हा लेख कुत्र्यांविरुद्ध नाही. हा लेख रेबीजबद्दल आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. 'पिसाळणे' हे क्रियापद मला माझ्या रूम पार्टनरने शिकवलं. तो गडचिरोली जिल्ह्यातला, एटापल्लीच्याही पुढच्या गावचा. पोळ्याला तो घरी गेला होता. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी गावातल्याच एका कुत्र्याने त्याच्या पिंडरीला चावा घेतला. आजीने लगेच चुना आणि तिखट आणलं. चुना लावूनही झाला. तेवढ्यात माय शेतातून आली. तिने त्याला ओढत बोरिंगवर नेलं, धाकट्या भावाला हापसायला लावलं आणि कपड्याच्या साबणाने ती जखम धूत बसली. हा ओरडतोय, "काही नाई होत ना वं माय, आपल्या गावचाच कुत्रा हाय!" पण माय ऐकायला तयार नव्हती.

कारण तिने एक मरण पाहिलं होतं. हा लहान असताना त्यांच्या गावातला एक माणूस रेबीजने गेला. कुत्रा चावून दोन-अडीच महिने झाले होते, जखम भरून आली होती. मग एक दिवस त्याला पाणी गिळता येईना. तहान लागायची, गडू तोंडाशी न्यायचा आणि घशाला आचके यायचे. पुढे पाणी दिसलं तरी, वारं लागलं तरी तसंच व्हायचं. मधल्या काळात तो शुद्धीवर असायचा, घरच्यांना ओळखायचा, नीट बोलायचा. चार-पाच दिवसांत संपलं. पार्टनरने हे मला लाइट बंद केल्यावर अंधारात सांगितलं. मी काहीच बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन याबद्दल जे मिळेल ते वाचून काढलं. सर्किटची सवय असल्यामुळे म्हणा, मला हा रोग वायरिंगसारखा वाटला. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत येतो, पण रक्तातून फिरत नाही. तो मज्जातंतू पकडतो आणि त्यांच्या आतून हळूहळू मेंदूकडे सरकतो. म्हणूनच लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर किंवा मानेवर असला तर अंतर कमी, वेळही कमी. लहान मुलांना हा धोका जास्त, कारण कुत्र्याचं तोंड आणि त्यांचा चेहरा एकाच उंचीवर असतात.

आपल्या हातात असतो तो एवढाच प्रवासाचा वेळ. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुतलं की बरेचसे विषाणू जखमेतच मरतात. लस शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, पण त्याला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. तोपर्यंत पहारा कोण देणार? त्यासाठी तयार प्रतिपिंडं म्हणजे सिरम, तेही थेट जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं. रक्त निघालेल्या चाव्याला लस आणि सिरम दोन्ही लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तर प्राण्यांच्या किंवा माणसांच्या रक्तावर अवलंबून न राहता प्रयोगशाळेत बनवलेलं अशा प्रकारचं औषध, रॅबीशिल्ड, अमेरिकेतल्या संस्थेबरोबर तयार केलं आहे.

पार्टनरला मात्र त्या रात्री यातलं काही मिळणार नव्हतं. रस्त्यावरच्या नाल्याला पाणी होतं. सकाळी पाणी उतरल्यावर भावाने मोटरसायकलवर नेलं. जवळच्या दवाखान्यात लस मिळाली, सिरम नव्हतं. सिरमसाठी आणखी तीन तास एसटीने. सिरम टोचताना जो जीव जातो त्यापुढे कुत्र्याचा चावा काहीच नाही, असं तो म्हणतो. मग कागदावर तारखा लिहून मिळाल्या: पहिला दिवस शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. कातडीत दोन्ही दंडांवर थोडी थोडी लस. स्नायूत देतात तेव्हा चौदावा दिवसही धरून पाच तारखा होतात. एवढंच. पोटात काहीही नाही.

हे पोटाचं प्रकरण अजून लोकांच्या डोक्यातून जात नाही. आजीने त्याला दवाखान्यात पाठवायला नको म्हटलं ते "पोटात चौदा सुया देतेत" म्हणूनच. ती खोटं बोलत नव्हती. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीला १९११ च्या सुमारास बनवलेली, मेंढीच्या मेंदूपासूनची लस आपल्याकडे कित्येक दशकं पोटावर टोचत होते आणि तिचे मेंदूवर दुष्परिणामही व्हायचे. पण तिचं उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झालं. लस गेली, भीती राहिली. आणि त्या भीतीपोटी लोक अजूनही वैदूकडे जातात, तिखट भरतात, हळद लावतात.

तीन सुया झाल्यावर पार्टनर होस्टेलला परत आला. अठ्ठाविसावा दिवस नेमका सेशनलच्या आठवड्यात. तेव्हा त्याचं सुरू झालं, "तीन तं झाल्या ना बे. आता कायले?" मी म्हटलं, चावल्यापासून दहा दिवस कुत्रा जिवंत आणि धडधाकट राहिला तर तो रेबीजचा नव्हता असं समजतात, तेव्हा घरी फोन करून विचार. त्याने फोन केला. कुत्रा चौथ्या दिवसापासून गावात दिसलाच नव्हता. बिबट्याने नेला, कुठे मरून पडला की दुसऱ्या गावी गेला, कुणालाच माहीत नाही. त्यानंतर त्याने वाद घातला नाही. आम्ही दोघं सकाळी सातला जाऊन रांगेत उभे राहिलो आणि दहाच्या पेपरला वेळेवर पोचलो.

उपचार न घेता वाचण्याची शक्यता किती, हेही मी शोधलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये जीना गीस नावाची पंधरा वर्षांची मुलगी २००४ मध्ये लक्षणं सुरू झाल्यावरही, एकही लस न घेता वाचली. तिला वटवाघूळ चावलं होतं. डॉक्टरांनी तिला औषधांनी बेशुद्धीत ठेवलं होतं. जगभर मोठी आशा निर्माण झाली, पण तीच पद्धत पुढे इतरांवर भरवशाने चालली नाही. एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ शंभर टक्के मृत्यू. वाचल्याची नोंद असलेले रुग्ण जगात काही डझन, आणि त्यातल्या अनेकांना कायमचं अपंगत्व. आणि तरीही हाच रोग वेळेवर उपचार घेतले तर जवळजवळ शंभर टक्के टळतो. पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पहिली सुई दिली, तेव्हापासून हे माहीत आहे. (पाश्चर डॉक्टर नव्हता, केमिस्ट होता. आपल्या केमिकल ब्रँचवाल्यांनी कॉलर ताठ करावी!)

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रश्न थोडा वेगळाही आहे. इथे मोहफूल वेचताना, तेंदूपत्ता तोडताना अस्वल अंगावर येतं. अशा वेळी सगळं लक्ष टाक्यांकडे आणि रक्ताकडे जातं. पण वन्य सस्तन प्राण्याचा चावा हा सरकारी नियमाप्रमाणे सर्वांत गंभीर प्रकारातच धरतात, म्हणजे लस आणि सिरम दोन्ही. शिवाय पाऊस. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटला होता. अशा ठिकाणी तिसरा आणि सातवा दिवस पाळायचा कसा? लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, तेव्हा लाइट गेल्यावर फ्रिजचं काय? मला वाटतं, हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा आपला जास्त आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी विचार करावा.

मुळात रोग कुत्र्यातच थांबवता येतो. शेजारच्या गोव्यात २०१३ पासून दरवर्षी घरोघरी, गल्लोगल्ली कुत्र्यांना लस दिली गेली आणि २०१८ नंतर कित्येक वर्षं तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नाही. कुत्री मारून नाही, टोचून. आपल्या मेसमागच्या पाच जणांना टोचायला असा कितीसा खर्च येणार? होस्टेल डेच्या वर्गणीतून सहज निघेल. रेक्टर सरांना आमची ही विनंती समजावी.

पार्टनरला चावलेला कुत्रा पिसाळलेला होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही. मेकॅनिकलवाला तो मित्र म्हणतो, "मंग चार सुया फुकटच गेल्या." जाऊ देत. मित्रांनो, दिवाळीला घरी जाल तेव्हा आईबाबांना, शेजारच्या आश्रमशाळेतल्या पोरांना एवढंच सांगा: चावलं किंवा ओरखडलं तर लपवू नका, आधी साबण-पाणी पंधरा मिनिटं, मग त्याच दिवशी दवाखाना, आणि कागदावर लिहिलेल्या सगळ्या तारखा. चुन्याचा डबा पानासाठी असतो.