लढाईच्या आधीचे दिवस

मीना सलमान हे बंदर बांधलं गेलं विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. नाव शेख सलमान बिन हमद यांचं. त्याआधी बहारीनचा हा किनारा उथळच होता. मोठी जहाजं लांब समुद्रात नांगर टाकायची आणि माणसं, माल होड्यांतून ये-जा करायचा. २३ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून निघालेली लष्करी जहाजं अशीच इथं येऊन थांबली. त्यांच्यावर सहाव्या पूना डिव्हिजनची सोळावी ब्रिगेड होती, प्रमुख होते ब्रिगेडियर जनरल डेलामेन, आणि चार पलटणींतली एक होती ११७वी मराठा. तुर्कस्तान युद्धात उतरणार की नाही हे ठरायचं होतं. ते ठरलं, २ नोव्हेंबरला नांगर उचलले गेले आणि ६ तारखेला फौज शत-अल-अरबच्या मुखाशी फाओला उतरली.

मधल्या दिवसांना लष्करी इतिहासात फार तर एक परिच्छेद मिळतो. माझं सगळं काम त्या परिच्छेदाच्या आत आहे.

मी सैनिकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते. पुण्यात इतिहास शिकले, सुरुवातीची वर्षं सातारा जिल्ह्यात फिरण्यात गेली, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे बहारीनला आले आणि मीना सलमानला लागूनच असलेल्या जुफैरमध्ये घर मिळालं. या कामात एक गोष्ट फार लवकर कळते. निवृत्त सैनिकाला लढाईबद्दल विचारलं की तो पाठ असलेलं सांगतो. त्यात खोटं काही नसतं. पण पलटणीच्या मेळाव्यात, शाळेतल्या झेंडावंदनाला, जावयासमोर सांगून सांगून ती गोष्ट घोटीव झालेली असते. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा हे ठरलेलं असतं. ‘लढाईच्या आधी वाट बघत बसला होतात, तेव्हा दिवसभर काय करत होतात?’ असं विचारलं की मात्र माणूस गप्प होतो. हे त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसतं. मग तो आठवायला लागतो.

जुफैरमध्येच भेटलेल्या एका हवालदारकाकांचं उदाहरण सांगते. मुलाकडे महिनाभर राहायला आले होते. पलटण पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. १९७१च्या डिसेंबरात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला. ब्रह्मपुत्रा ओलांडून त्यांनी शहराच्या मागचा रस्ता अडवला होता. आत पाकिस्तानी फौजेची ३१ बलुच पलटण. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली, आणि १० तारखेच्या रात्री बलुची सैन्य बाहेर पडून थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर आलं. ही रात्र काकांनी मला अस्खलित फौजी हिंदीत सांगितली. कंपनी कुठं, एमएमजी कुठं, सीओ ब्रार साहेब काय म्हणाले, सगळं.

मग मी आधीच्या दिवसांबद्दल विचारलं. काका मराठीवर आले. “अहो, भात कापणीला आलेलं,” ते म्हणाले. “मालक पळालेला. लोंब्या वाकून गेलेल्या. आम्ही पाटणकडची माणसं, आमचे हात शिवशिवायचे. मोर्चात बसून आम्ही हिशोब करायचो, एकराला किती पडंल. दाणा गळून चाललेला डोळ्यांदेखत.” शेजारी बसलेल्या मुलाने हे पहिल्यांदा ऐकलं. लहानपणापासून त्याने जमालपूर ऐकलं होतं. भाताचं शेत त्यात कधी आलं नव्हतं.

त्या दिवशी तारीख होती १६ डिसेंबर. आपला विजय दिवस, आणि योगायोगाने बहारीनचा राष्ट्रीय दिनही. संध्याकाळी बाहेर आतषबाजी सुरू झाली, ती ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते. काका खिडकीकडे बघून म्हणाले, “आपलाच दिवस साजरा करतायत की!” एका संपादकाने नंतर सुचवलं की आवाज साफ करून घ्या आणि शेतीचा भाग गाळा, वाचकाला लढाई हवी असते. मी दोन्ही केलं नाही. युद्धात सैनिकाचा सर्वांत जास्त वेळ थांबण्यात जातो, आणि तो तिथं कोण म्हणून थांबला होता हे त्या भातावाचून कळत नाही.

अर्थात ऐकलं ते सगळं लिहिलं, असं करता येत नाही. तारखा, नकाशे, युद्धरोजनिशी ताडून बघाव्याच लागतात. अमेरिकन लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल दुसऱ्या महायुद्धात चकमकीनंतर अख्ख्या तुकडीला एकत्र बसवून बोलतं करायचे. ती पद्धत मोलाची होती. पण त्यांनी १९४७च्या पुस्तकात लिहिलं की प्रत्यक्ष चकमकीत चारातला जेमतेम एक सैनिक गोळी झाडतो, आणि पुढे त्यांच्या टिपणवह्या तपासणाऱ्यांना त्या आकड्याचा आधार सापडला नाही. आठवणींतून टक्केवारी काढायला गेलं की असं होतं. उलट इटलीतल्या तेर्नीच्या कामगारांनी आपल्या एका सोबत्याचा १९४९मधला मृत्यू १९५३ सालच्या आंदोलनात नेऊन ठेवला, तेव्हा मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ती चूक खोडून न टाकता विचारलं की तो मृत्यू तिकडे का सरकला. मला ही वाट पटते. मात्र खरी तारीख आधी आपल्या हातात असली पाहिजे, तरच आठवण किती आणि कुठं सरकली ते दिसतं.

बहारीनला थांबलेल्या त्या ११७व्या मराठा पलटणीचं पुढे काय झालं ते ठाऊक आहे. फाओहून बसरा, तिथून बगदादच्या रोखाने, आणि मग कुत-अल-अमाराचा वेढा: ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. पुन्हा वाट पाहणंच. बाहेरून कुमक यायची होती, ती पोहोचली नाही. धान्य संपत आलं तसे घोडे कापले गेले. हिंदी शिपायांनी ते मांस दीर्घकाळ नाकारलं, शेवटी अनेकांनी खाल्लं. सातारा भागात कुतहून परतलेल्या एका शिपायाच्या नातवाकडे मी गेले होते. मशीन सुरू केलं, त्यांचं नाव, गाव विचारलं आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधीच ते म्हणाले, “आमच्या आजोबांनी घोडा खाल्ला नाही बरं का.” मी घोड्याचं नावही काढलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी गावाने विचारलेल्या प्रश्नाला ते घर अजून उत्तर देत होतं. आजोबांनी खाल्लं की नाही हे आता कुणालाच ठरवता येणार नाही. परतलेल्या माणसाला गावात कशाला तोंड द्यावं लागलं, ते मात्र त्या एका वाक्याने मला सांगितलं, आणि हे कुठल्याही युद्धरोजनिशीत लिहिलेलं नाही.

त्या पिढीचा स्वतःचा आवाज आपल्याकडे जवळजवळ नाहीच. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पाटी आहे, महायुद्धात किती गेले आणि किती कामी आले याची. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, शिपायांचा पलटणवार आकडा. जर्मनीत वुन्सडॉर्फच्या छावणीत १९१५ नंतर भाषाशास्त्रज्ञांनी हिंदी युद्धकैद्यांचे आवाज मुद्रित केले, म्हणजे यंत्र होतं, ऐकणारे होते. आपल्या पलटणींतली माणसं परत आल्यावर गावोगाव पन्नास-साठ वर्षं जगली आणि त्यांच्यासमोर कुणी बसलं नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं. म्हणूनच ‘आता काय, सगळं पुस्तकात आलंय’ असं कुणी म्हटलं की मी वाद घालते.

या कामाला पद नाही, पगार तर त्याहून नाही. एक तासाचं बोलणं उतरवून काढायला सहा-सात तास बसावं लागतं. फ्रिजची घरघर आवाजात येते म्हणून तो बंद करायचा आणि परत चालू करायचं विसरू नये म्हणून आपली किल्ली त्यातच ठेवायची. बहारीनच्या उन्हाळ्यात एसी बंद करून म्हाताऱ्या माणसाला बसवता येत नाही. मग माइक शर्टाच्या बटणाजवळ घ्यायचा. कोण ऐकू शकेल, कधी, नाव घालायचं की नाही, हे बोलणं संपल्यावर पुन्हा एकदा विचारायचं, कारण आधी दिलेला होकार काय बोलणार हे माहीत नसताना दिलेला असतो.

मीना सलमानने मला आणखी एका जातीची माणसं दाखवली. वर्दी न घातलेली. १९३५पासून जुफैरला ब्रिटिश आरमाराचा तळ होता; १९४६च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर नौसैनिकांनी संप पुकारला, तेव्हा त्याचे पडसाद इथल्या हिंदी नौसैनिकांपर्यंत पोहोचले. महायुद्ध संपूनही घरी कधी सोडणार याची वाट बघणारी तीही पोरंच. १९७१मध्ये ब्रिटिश गेले, अमेरिकन राहिले, २०१८मध्ये ब्रिटिश परत आले. २००९नंतर मालवाहतूक हिद्दच्या नव्या बंदराकडे गेली आणि इथं मुख्यतः युद्धनौका उरल्या. त्या धुणारी, रंगवणारी, त्यांना भाजी पोहोचवणारी माणसं मात्र बरीचशी आपल्याकडची.

रत्नागिरीकडचे एक चाचा इथं लाँचवर होते. मे १९८७मध्ये इराकी विमानाची दोन क्षेपणास्त्रं लागून अमेरिकेच्या ‘स्टार्क’ नौकेवर ३७ जण मेले आणि नौका बहारीनला आणली गेली. चाचांनी पहिल्याच भेटीत डाव्या बाजूचं भगदाड हातांनी दाखवलं, झटपट, घोटीव. मी विचारलं, दुरुस्ती चालली होती तेव्हा तुमचा दिवस कसा जायचा?

“वाट बघण्यात, ताई. खलाशी उतरायचे, बाजारात जायचे, आम्ही धक्क्याला लाँच लावून बसायचे. त्यांच्यातला एक पोरगा उतरायचाच नाही. आमच्याच लाँचवर बसून राहायचा. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं, त्याला दुसरं काही नव्हतं येत. आमच्या डब्यातलं खायचा.”

“डब्यात काय असायचं?”

चाचांनी सांगायला सुरुवात केली, आणि त्या दिवशी आमचं बोलणं माशांच्या नावांवरच चाललं. पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर मी परत जाणार आहे. त्या पोराचं पुढे काय झालं तिथपर्यंत आम्ही अजून पोहोचलेलो नाही.