कुकरची शिट्टी

माझा धाकटा दोन वर्षांचा झाला तरी चारच शब्द बोलायचा. आई, बाबा, दे, भू. सासूबाई म्हणाल्या, "याचा बापही उशिराच बोलला." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तीन वर्षांपर्यंत वाट बघायला सांगितलं. खरं तर मलाही तेच ऐकायचं होतं.

पाठमोरा असला की हाकेला वळायचा नाही. पण कुकरची शिट्टी झाली की दचकायचा. म्हणून त्याचे कान चांगले आहेत असं मी धरून चालले. त्यात नऊ महिने गेले.

पावणेतीन वर्षांचा असताना तो बहिणीबरोबर अंगणवाडीत बसू लागला. आठवड्याभरात सेविकाताई म्हणाल्या, "गोष्ट सांगताना हा चित्राकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो." मला त्यांचा राग आला होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ते आलं तेव्हा ताईंनी त्याला पुढे केलं आणि आम्हाला जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली. तपासणी मोफत होती.

बेरा तपासणी मूल झोपलेलं असताना करतात. डोक्याला वायरी चिकटवून कानात आवाज सोडतात. पहिल्या खेपेला तो झोपलाच नाही, परत आलो. दुसऱ्या वेळी पहाटे चारला उठवलं आणि एसटीत अजिबात डोळा लागू दिला नाही. मग झाली.

दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. शिट्टी मोठी, ती पोचायची. आमचं बोलणं त्याला तुटक तुटक ऐकू जायचं, 'स', 'फ' तर जवळजवळ नाहीच.

बाहेर बाकावर आठ-दहा आया बसल्या होत्या. कुणाचं मूल चालत नव्हतं, कुणाचं नजरेला नजर देत नव्हतं. मी रडत होते. तिथल्या वाणीउपचार ताईंनी सांगितलं, की उत्तर गोव्यासह देशात पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांची मुलं तपासली होती. २०१८ साली निष्कर्ष आले, तेव्हा साधारण आठांतल्या एका मुलाला वाढीची किंवा ऐकण्याची अशी काहीतरी अडचण निघाली. तोवर मला वाटत होतं, हे फक्त आमच्याच घरात आहे.

श्रवणयंत्र तो सुरुवातीला उपटून फेकायचा. जेवताना दहा मिनिटं, मग अर्धा तास, असं वाढवत नेलं. समोर बसून, चेहरा दिसेल असं बोलायचं, हे घरात सगळ्यांना शिकावं लागलं. सासूबाई सर्वांत आधी शिकल्या.

आता तो पाच वर्षांचा आहे. वाक्यं बोलतो, 'श' अजून नीट येत नाही.

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आधी कान तपासून घ्या. कुकरच्या शिट्टीवर विसंबू नका.