छाप आणि चेहरा

चित्रकलेचा तास म्हणजे विश्रांतीचा तास, असे पुष्कळ पालक समजतात. ग्रेड परीक्षांमुळे दहावीस काही गुण वाढतात, एवढेच काय ते त्याचे महत्त्व! गुणांशी आमचे वैर नाही. परंतु नीट पाहण्याची जी सवय या तासास लागते, ती गुणपत्रिकेत मावत नाही. गतवर्षी नववीच्या वर्गास आम्ही स्टेन्सिल, म्हणजे कापीव छाप, शिकविला. त्याचा वृत्तान्त याच हेतूने येथे देत आहो.

छाप आपणांस परका नव्हे. दिवाळीत दारी उमटणारी रांगोळीची पावले भोके पाडलेल्या छापातूनच पडतात. बाजारातील गोणींवर व्यापाऱ्यांची नावेही अशीच उमटवितात. कृती सोपी आहे. पुठ्ठ्यावर आकृती काढावी, रंग हवा तेवढा भाग कापून टाकावा, व पुठ्ठा कागदावर घट्ट धरून स्पंजाने दाट रंग टिपावा. पातळ रंग कडेखाली शिरतो. अवघड गोष्ट निराळीच. ‘ठाणे’ हा शब्द कापून पाहा. ‘ठ’चे वर्तुळ कापताच त्याच्या पोटातला पुठ्ठा गळून पडतो! तो टिकावा म्हणून एक अरुंद पट्टी न कापता राखावी लागते. तिला आम्ही दुवा म्हणतो.

अमेरिकेतील चित्रकार अँडी वॉरहॉल याने रेशमी जाळीच्या छापाने चेहरे छापले. ऑगस्ट १९६२ मध्ये नटी मेरिलिन मन्रो वारली. त्याच वर्षी त्याने तिचे एकच छायाचित्र एका चित्रात पन्नास वेळा उमटविले; निम्मी भडक रंगांत, निम्मी काळी व पुसट होत जाणारी. बाजारातील मालाप्रमाणे प्रसिद्ध चेहराही छापला जातो, हे त्या ‘पॉप आर्ट’ने दाखविले.

हे ऐकून मुलांनी सिनेनटांची व क्रिकेटपटूंची छायाचित्रे आणली. एका मुलाने मात्र वडिलांचे आणले. ते कल्याणच्या बाजारात हमाली करतात. काही मुले हसली. तो छायाचित्र वहीत लपवू लागला. आम्ही त्यास तेच काढावयास सांगितले.

पहिल्या पुठ्ठ्यात डोळ्याची कड कापताच आतला पांढरा भाग गळून पडला. “दुवा कोठे ठेवू?” त्याने विचारले. “घरी जा आणि वडिलांकडे नीट पाहा,” आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो सांगू लागला, की डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फिकट व्रण आहे; गोणी ओढण्याचा आकडा लागून झालेला. इतक्या वर्षांत त्याने तो कधी पाहिला नव्हता, की त्याविषयी विचारले नव्हते. दुवा त्याने तेथेच ठेवला. निळ्या, पिवळ्या व तांबड्या रंगांत त्याने नऊ चेहरे उमटविले.

प्रदर्शनास वडील कामावरूनच आले. बराच वेळ पाहून म्हणाले, “सर, गोणीवर शेटजींचं नाव असतं. माझा छाप कशापायी?” मुलगा काही बोलला नाही, त्याने बोट त्या व्रणावर ठेवले. वडिलांनी मान डोलावली व एक चित्र घरी नेण्याची परवानगी मागितली.

विद्यार्थिमित्रांनो, प्रसिद्ध चेहरे छापावयास जग समर्थ आहे. जे चेहरे कोणी छापीत नाही, ते तुम्ही पाहा. आणि पालकहो, मुलाने कागद पुढे केला, तर गुण विचारण्यापूर्वी क्षणभर तो कागद पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.