तलाकनाम्यात राहिलेली ओळ

तलाक किंवा खुलाचा कागद लिहिताना मेहर, इद्दतचा खर्च, जहेजचं सामान, सगळ्याची यादी होते. मुलांबाबत एवढंच, की राहायचं कुठे आणि खर्च किती. मुलाच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर जबाबदार कोण, ही ओळ आम्ही कुठल्याच कागदावर पाहिली नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. आमच्या आठवीतल्या एका मुलाने रविवारी अब्बांची मोटारसायकल काढली आणि एका भाजीवालीची हातगाडी उलटवली. बाईंचा हात मोडला. मोहल्ल्यातले चार बुजुर्ग बसले, त्यांनी आम्हालाही बोलावलं. वालिद म्हणाले, “राहतो तिच्याकडे, तरबियत तिची.” वालिदा म्हणाल्या, “गाडी त्यांची, किल्ली खुंटीवर त्यांनीच ठेवलेली.” खोटं कुणीच बोलत नव्हतं. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता.

आपल्याकडे मुलाने केलेली नुकसानी आपोआप आईबापावर येत नाही, त्यांचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. गाडीचं मात्र वेगळं आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, १२ महिने गाडीची नोंदणी रद्द. मला ठाऊक नव्हतं, किंवा मी पुरेशी खबरदारी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं. २०१५ च्या बालन्याय कायद्यात तर पालक म्हणजे नैसर्गिक पालक, तसंच मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे तोही.

फ्रान्समध्ये हाच वाद सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे गेला. मुलाने आगी लावल्या होत्या. आईवडील विभक्त, मुलगा आईकडे राहणारा. पूर्वी अशा वेळी ज्याच्या घरी मूल, तोच भरपाईला जबाबदार धरला जाई. २८ जून २०२४ रोजी न्यायालयाने सांगितलं, की पालकत्वाचा अधिकार दोघांकडे असेल तर जबाबदारीही दोघांची.

आपल्या फिकहमध्येही हिजानत आईची आणि विलायत बापाची. दोन्ही शब्दांत मूल कुणाचं तरी आहे.

त्या दिवशी बुजुर्गांनी इलाजाचा खर्च निम्मा-निम्मा ठरवला, तो दिलाही गेला. पण “तो तिचा”, “तो त्यांचा” हे मुलाने ऐकलं, त्याची भरपाई कोण करणार?