ओढ्याला उतरू नका

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या कॉलनीत कुणाची रेल्वे चुकली असं फारसं ऐकू यायचं नाही. चुकायची ती नाशिकरोडला जाणारी बस, आणि तिच्यामागून मग गाडी.

इथल्या औष्णिक वीज केंद्राचे पहिले दोन संच सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास सुरू झाले. पुढं १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे आणखी तीन आले. प्रत्येक संचाबरोबर पारस, कोराडी, परळी, भुसावळ अशा ठिकठिकाणांहून बदलीवर माणसं आली. त्यामुळं जवळजवळ प्रत्येक घराचं मूळ गाव कुठल्यातरी रुळाच्या कडेला होतं, आणि दिवाळी-मे महिन्यात अख्खी कॉलनी नाशिकरोड स्टेशनकडे तोंड करून बसायची.

भुसावळकडून पॅसेंजरनं येणाऱ्या पाहुण्यांना आमच्या आया पत्रात न चुकता लिहायच्या : लासलगाव, निफाड, खेरवाडी गेलं की डाव्या हाताला धुराडी दिसतील, तेव्हा सामान काढा; पण नाशिकरोडच्या आधीच्या ओढ्याला उतरू नका. धुराडी अगदी हाताशी आल्यासारखी वाटतात, हीच गोम. एका मामांना तसंच वाटलं. ते ट्रंक आणि केळीच्या घडासकट ओढ्याला उतरले आणि वाट विचारत विचारत दुपारी घरी पोचले. तोवर आमचे वडील नाशिकरोडच्या फलाटावर तीन गाड्या बघून आले होते. पुढं कित्येक वर्षं मामांचा विषय निघाला की आधी ओढा निघायचा.

घरात घड्याळ होतं, पण वेळ चालायची बसवर. फर्स्ट शिफ्ट, जनरल आणि सेकंड. शिफ्ट सुटली की गेटवर लाल एसटी उभी, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली. कंडक्टरचा चिमटा वाजला की कोण कुठं चाललंय हे सगळ्या बसला कळायचं. मुलगी बघायला निघालेल्यांनाही लपता यायचं नाही. १९७५ साली पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा मुंबईचं काम एका दिवसात उरकून यायची सोय झाली. पण पहाटे बसच्या भरवशावर पंचवटी पकडणं हे धाडसच. शहाणी माणसं आदल्या रात्री जेलरोडच्या नातेवाइकांकडे मुक्काम करत. पुष्कळ नाती या मुक्कामांवरच टिकली, असं माझं मत आहे.

परतताना कुणी घोटीचे तांदूळ आणायचं, कुणी इगतपुरीचा वडा. वडा घरापर्यंत क्वचितच पोचायचा.

२००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं आणि केंद्र महानिर्मितीकडे आलं. जुने दोन संच पुढं बंद झाले. निवृत्त झालेली घरं जेलरोड, सिन्नर फाट्याकडच्या फ्लॅटांत गेली, स्टेशनच्या अगदी जवळ. २०२१ पासून शहरात सिटीलिंकच्या बस धावतात. कुठली बस कुठवर आली हे मोबाइलवर दिसतं. नातवानं ते आजीला मोठ्या कौतुकानं दाखवलं. आजीनं चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "आणि ड्रायव्हर आपल्या ओळखीचा आहे का, ते कुठं दिसतं?"